दिवे लागायच्या आत

बाबा, तुम्हाला लिहायचं म्हणून मी किती दिवस नुसती टाळाटाळ करतेय. आधी म्हटलं पाऊस संपू दे, मग म्हटलं गाडी घरी येऊ दे, गाडी आली तर म्हटलं जरा हात मोकळे होऊ देत. हात आजही मोकळे नाहीत. बोटांच्या पेरांवर पांढरा चिखल वाळून बसलाय आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याचे ठसे उमटतायत. पण आता टाळायला काही उरलं नाही. गाडीच्या डाव्या दिव्यावर मी मघाशी स्प्रेचा कोट मारलाय. तो सुकेपर्यंत हात लावायचा नाही, धूळ बसू द्यायची नाही, शेजारी राखण करत बसायचं. तुम्ही कुकरचं हँडल चिकटवून त्याच्यासमोर पेपर वाचत बसायचात, तसं.

गाडी तीच आहे, तुमची छोटी पांढरी. तुम्ही गेल्यावर खडकीचं फॅक्टरीचं क्वार्टर सोडावं लागलं, आई आणि मी धायरीच्या या फ्लॅटमध्ये आलो, आणि चालवायला कोणी नाही म्हणून गाडी मामानं नेली. त्यानं ती इतकी वर्षं अंगणात उन्हात उभी केली. आता त्यानं नवीन घेतली आणि ही परत आणून दिली, वर मला म्हणाला, "घे, तुला पायाला चाकंच आहेत, अजून चार घे." चाकांबद्दल तो बरोबर बोलला. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सोडलं म्हणजे काय, धरलं कधी होतंस? मग मी गोकर्णला एका खानावळीत ऑम्लेटं केली, हिमाचलात एका हॉस्टेलच्या गाद्या झटकल्या, तिथून स्पितीला गेले, परत आले, परत गेले. आईनं दर वेळी डब्यात चिवडा भरून दिला आणि काही विचारलं नाही. विचारत नाही म्हणजे तिला कळत नाही असं मी समजत होते. हे मागाहून लिहिते, आत्ता दिव्याचं.

आता मला एक काम मिळालंय, आणि पहिल्यांदाच असं काम की जे सोडावंसं वाटत नाही. ट्रेकवाल्या एका ग्रुपनं मला गाडी चालवायला घेतलंय. शुक्रवारी रात्री गाडीभर पोरं घेऊन निघायचं, उजाडायच्या आत गडाच्या पायथ्याच्या गावात पोचायचं, ती चढली की गाडीत झोपायचं. पगारी भटकंतीच ही. येत्या शुक्रवारपासून सुरू होणार. मी हो म्हणून बसलेय.

आणि गेल्या आठवड्यात हे झालं. संध्याकाळी आईचं गुडघ्याचं तेल घेऊन मी कॅनॉलच्या कडेनं घरी येत होते. पूर्ण अंधारही पडला नव्हता, आभाळात अजून उजेड होता. डाव्या आरशाला खट्ट असा आवाज आला. थांबले, उतरले. सायकलवर दुधाचे कॅन अडकवलेला एक माणूस रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून उभा होता. त्याला लागलं नव्हतं, आरसा फक्त आत वळला होता. मी सॉरी सॉरी म्हणत राहिले. तो चिडलासुद्धा नाही, कॅनचं झाकण चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "अहो ताई, निदान दिवे तरी लावा की."

दिवे लागलेले होते, बाबा. आणि तो माणूस मला दिसला नव्हता. पुसट दिसला असंही नाही. तो तिथे नव्हताच, आवाज झाल्यावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली येऊन मी गाडीसमोर उकिडवी बसले आणि दिव्यांकडे नीट पाहिलं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्याच्या नखासारखे पिवळे झाले होते, वर पांढुरकी साय, आतला बल्ब दिसेना. मला इतकं हायसं वाटलं की मी एकटीच हसले. दिवे खराब आहेत. दिवेच खराब आहेत. त्या माणसालाही ते लागलेले दिसले नाहीत, मग मला त्यांच्या उजेडात काय दिसणार, माझा काय दोष. असं मी स्वतःला दिवसभर ऐकवलं. आईला ऐकवलं नाही.

आधी फुकटचा उपाय केला. मोबाइलवर एकानं टूथपेस्ट लावून दिवा चकाचक केलेला दाखवला होता. मी फडक्यावर पेस्ट घेऊन घासत होते तर तळमजल्यावरचे आजोबा खिडकीतून म्हणाले, "दात सकाळी घासतात. संध्याकाळी घासले तरी चालतात, पण स्वतःचे." दोन दिवस बरं दिसलं, मग साय परत आली. मग नाना पेठेत गेले. स्पेअर पार्टच्या एका दुकानात सांगितलं, हेडलाइटची काच साफ करायचीय.

"काच नाही ती. प्लास्टिक आहे."

"बरं, प्लास्टिक साफ करायचंय."

"मग करा."

"त्याला लागतं काय?"

"वेळ. आहे का?"

तुम्ही तिथे असतात तर तुमची त्याची छान गट्टी जमली असती. वेळ आहे म्हटल्यावर त्यानं पाण्यात चालणारे पॉलिश पेपर काढले, खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. चकाकी आणायला रबिंग कंपाउंडची डबी, आणि वरून मारायला कोटचा स्प्रे. "कोट नाही मारलात तर ऊन खाऊन परत पिवळा पडेल. मग याल परत, आम्ही काय, बसलेलेच आहोत." मी निघाले तेव्हा मात्र त्यानं हाक मारली. "आणि हो, पहिला कागद मारलात की सगळा पांढरा होईल. आत्ता आहे त्याच्यापेक्षा वाईट. तिथे लोक घाबरतात आणि सोडून देतात."

मी घाबरले. आज दुपारी जेवण झाल्यावर दिवा धुतला, रंगाला ओरखडा नको म्हणून भोवती चिकटपट्टी लावली, मगात पाणी घेऊन त्यात थेंबभर शांपू टाकला आणि आडवं घासत सुटले. पिवळसर दूध बंपरवरून खाली गळत होतं. पाणी मारलं की क्षणभर स्वच्छ दिसायचं आणि वाळलं की पूर्ण पांढरं. वाळलेला तो दिवा मी दोनदा परत ओला करून पाहिला. आधी निदान तो म्हातारा होता, आता मी माझ्या हातानं त्याचा डोळाच घालवला होता. आई वर गॅलरीत कपडे काढत होती. ती खाली पाहत होती की नाही, मला कळलं नाही. मी वर बघितलं नाही.

मग बारीक कागद, मग त्याहून बारीक. राखाडी झाला, मग धुक्यासारखा, मग कंपाउंड लावून जुन्या बनियननं गोल गोल घासला आणि एकाएकी आतली चांदीसारखी वाटी दिसली, बल्ब दिसला, त्याच्यामागची एक मेलेली माशीसुद्धा दिसली. नव्या गाडीचा दिवा. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण हात थांबले. कारण दिवा जर स्वच्छ झाला, आणि तरीही मला नाही दिसलं तर?

तुम्हाला तर सांगायला नको. तुमचा नियम होता, दिवे लागायच्या आत घरी. क्वार्टरमधली सगळी पोरं अंधार पडेपर्यंत खेळायची, मला तुमची हाक आधी यायची. लग्नाला गेलो की अक्षता टाकून, आहेर देऊन, रात्रीच्या पंगतीआधी तुम्ही उठायचात. "जेवायला येत नाही, लग्न लावायला येतो," असं यजमानाला तोंडावर सांगायचात. लोक म्हणायचे, खडूस आहे, पुणेरी आहे. मलाही तसंच वाटायचं आणि लाज वाटायची. घरात स्टूल हललेलं चालायचं नाही. एकदा मी अभ्यासाला ते पॅसेजमध्ये नेलं आणि तुम्ही त्यावर आदळलात, नडगी सोलली. मारलं नाहीत. "या घरात वस्तूंना पत्ता असतो," म्हणालात, "पत्ता बदलायचा तर आधी कळवायचं." ते इतकं लागलं मला की मी आजही हॉस्टेलात, तंबूत, कुठेही चप्पल भिंतीला काटकोनात काढते. लोक हसतात.

आणि खडकवासला. रविवारी दुपारी जायचं, कणीस खायचं, पाण्याकडे बघायचं, आणि बाकीचे लोक सूर्यास्ताला यायला लागले की आपण निघायचं. एका रविवारी टायर बसला. पंक्चर काढून होईपर्यंत सूर्य गेला. मी मागे बसत असे, तुम्ही मला पुढे बोलावलंत. आईला मागे बसवलंत. आणि म्हणालात, चल, समालोचन कर. रेडिओवर क्रिकेटचं करतात तसं. समोर जे दिसेल ते सगळं, न थांबता.

मी त्या गाडीत बसलेय बाबा, आत्ता, हे लिहिताना. मी ओरडतेय, आणि आता पुढे लाल एसटी, एसटीनं ब्रेक मारलाय, डावीकडून दोन माणसं चालत येतायत, एकाच्या डोक्यावर भारा, आणि आता मैदानात एक म्हैस, म्हैस थांबलीय, म्हैस विचार करतेय. तुम्ही म्हणताय, "म्हशीचा विचार नको, म्हैस किती लांब आहे ते सांग." मी सांगते, आपल्या जिन्याइतकी. तुम्ही गाडी हळू करता. तुमचा चेहरा समोर आहे, मान हलत नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर असे की जणू ते कोणी ओढून नेतंय. मागे आई रामरक्षा म्हणतेय. मला वाटतंय तिला माझं समालोचन आवडत नाही. घरी पोचल्यावर तुमचा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि तुम्ही मला म्हणालात, "उत्तम. एकही विकेट पडली नाही." त्यानंतर मी दर रविवारी समालोचन करते म्हणायचे आणि तुम्ही म्हणायचात, दिवसाउजेडी सामना असला की समालोचक लागत नाही.

तुम्ही गेलात ते भर दुपारी, फॅक्टरीत, लख्ख उजेडात, हृदयानं. तुमचे दिवस झाल्यावर आई तुमच्या पँटच्या घड्या घालत होती. घडी न थांबवता म्हणाली, "त्यांना संध्याकाळनंतर दिसत नव्हतं. बाजूचंही कमी झालं होतं. डोळ्याच्या पडद्याचं आहे, तुझ्या आजोबांनाही होतं. गावाकडे रातांधळं म्हणायचे." जसं नळाचं पाणी गेलंय असं सांगावं. मी दहावीत होते. मला कळायला हवं होतं की ती मला तुमच्याबद्दल सांगत नाहीये.

मला कळलं नाही, किंवा मी कळू दिलं नाही. स्पितीला पहिल्या मुक्कामी जेवणानंतर सगळे बाहेर गादीवर उताणे पडले. एक जण म्हणाला, बघ, आकाशगंगा, दूध सांडल्यासारखी. मी पाहिलं. दोन-चार मोठे तारे होते, बाकी काळं. मी म्हणाले, हो, भारीच. सगळे वा वा करत होते, मीही केलं. मला वाटलं, ताऱ्यांबद्दल लोक थोडं खोटं बोलतच असतील. पुढे दर ठिकाणी मी तेच म्हणत आले. अंधारात वाट उतरताना मी कायम कोणाच्या तरी मागे चालते, त्याच्या बुटांकडे बघत. ग्रुपमध्ये ते मला नम्र समजतात.

तुमचे ते स्कूटरवाले मित्र आठवतात का? काय विचारतेय, तुम्हालाच. फॅक्टरीतले, तुमच्याच सेक्शनचे काका. हिवाळ्यात सहा-सव्वासहालाच अंधारून यायचं, तेव्हा ते रोज तुम्हाला स्कूटरवर घरी सोडायचे आणि जिना चढताना तुमच्या खांद्यावर हात टाकून वर यायचे. दोन मोठे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे गळ्यात गळा घालून. तुम्ही आईला म्हणायचात, आला बघ फुकट्या, टाक चहा. ते म्हणायचे, वहिनी, याचा चहा आणि माझं पेट्रोल, हिशोब फिटला. मला ते काका आवडायचे नाहीत, कारण ते बशीतून फुर्र करून प्यायचे. तुमच्या तेराव्यानंतर ते आले नाहीत. हिंजवडीला मुलाकडे राहायला गेले एवढं कानावर होतं. तो खांद्यावरचा हात कशासाठी होता, हे मला या आठवड्यात कळलं, आपल्याच पॅसेजमधून जाताना, माझा डावा हात भिंतीला घासत चाललाय हे ध्यानात आलं तेव्हा.

या आठवड्यात अजून एक गोष्ट झाली. ताटात रोज गाजराची कोशिंबीर येतेय. तुमच्या वेळी हिवाळाभर असायची तशी. शेंगदाण्याचं कूट, लिंबू, वरून फोडणी. त्यानं काही होत नाही हे आईलाही माहीत आहे, तुमच्यावर तिनं ते करून पाहिलंय. मी दोनदा वाढून घेतली. डोळ्यांचं बोलायचं नाही, भोवतीचं घर तेवढं सावरून घ्यायचं, ही रीत तुम्हीच घालून दिलीत. चांगली होती की वाईट, मला ठरवता येत नाही. तुम्ही त्या रीतीत पंधरा-वीस वर्षं काढलीत. नाइट शिफ्ट नको म्हणून बढती नाकारलीत, लोकांनी आळशी म्हटलं तरी चालवून घेतलंत. पण तुमच्या गाडीत तुमचीच माणसं होती. माझ्या गाडीत शुक्रवारी दुसऱ्यांची पोरं असतील, मागे बसून गाणी म्हणणारी. घाटात त्यांना मी काय सांगू, चला, समालोचन करा?

भीती वाटते. एवढंच खरं लिहायचं होतं, त्याला इतकी पानं लागली. आंधळी होईन याचीच नाही. एका जागी राहावं लागेल याची. कोणाच्या तरी खांद्याच्या मापानं चालावं लागेल याची. आणि डॉक्टरकडे गेले की ते यंत्रात डोकं घालायला लावतील, आणि मग ते हो म्हणतील, आणि मग ते हो कधीच परत घेता येणार नाही, याची तर सगळ्यात जास्त.

कोट सुकलाय. बोट जवळ नेलं की त्यात बोट दिसतं. साडेपाच वाजून गेलेत, थोड्या वेळानं उतरत्या उजेडात कॅनॉलच्या रस्त्यानं एक चक्कर मारायची, दिवे लावून, आणि काय दिसतं ते बघायचं, असं मी सकाळपासून ठरवलंय. आणि आता ते सांगून टाकते, जे आईलाही सांगितलं नसतं. उजव्या दिव्याला मी हातच लावलेला नाही. कागद उरलेत, कंपाउंड उरलंय, ऊनही होतं. पण दोन्ही स्वच्छ झाले तर मग दोष द्यायला काही राहत नाही. एक तसाच पिवळा ठेवला, की नाही दिसलं तरी म्हणता येईल, अजून एक राहिलाय ना. मी तुमचीच मुलगी आहे.

इथे थांबणार होते, तर गेटशी रिक्षा थांबली. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उतरले, सावकाश, आणि वर गॅलरीकडे न बघता सरळ पार्किंगमध्ये आले. मी ओळखलं नाही. त्यांनी आधी गाडी ओळखली. वाकून डाव्या दिव्यावरून बोट फिरवलं, मग उजव्यावरून, आणि म्हणाले, "एकच केलास?"

त्या आवाजावरून ओळखलं. "काका, तुम्ही इकडे कसे?"

"वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, पोरगी भिंतीला हात लावून चालायला लागलीय." असं, सगळ्या पार्किंगमध्ये ऐकू जाईल असं. मी वर पाहिलं. आई गॅलरीत उभी होती, हातात टॉवेल, वाळलेला, घडी न घातलेला. ती आत गेली नाही.

मी म्हणाले, उजवा उद्या करते, मग जाऊ. काका म्हणाले, "राहू दे. तुझा बाप पण असाच, चष्म्याच्या काचा पुसत बसायचा." आणि हात पुढे केला. "किल्ली दे. मी चालवतो. माझी मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, मला सगळं दिसतं. तू शेजारी बस आणि दिसेल ते बोलत जा. न थांबता." किल्ली घेत म्हणाले, "म्हशीचा विचार नको."

म्हणजे तुम्ही त्यांना सांगितलं होतंत. मला सांगितलं नाहीत.

ते आता गाडीत बसून सीट मागेपुढे करतायत, आरसा वाकडा करून परत सरळ करतायत. मला हे संपवायला वेळ देतायत. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागतोय, निदान जे मला दिसतात ते. माझ्या बाजूचं दार त्यांनी आतून उघडून ठेवलंय.